दुकानातला जुना संगणक घरच्या टीव्हीला जोडताना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल बंद केली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ घालायचे तर काही मोजके अपवाद सोडता इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर हवा, किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज बांधला होता की या एका निर्णयापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

आमचे महागाव नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. पुसद, उमरखेड, आर्णी यांच्याशी रोजची उलाढाल. कापडाचे दुकान असो की किराणा, औषधांचे असो की कृषी केंद्र, बिलाच्या टेबलाखाली एक काळा डबा असतोच, आणि आमच्या पाहण्यात त्यातले बरेच डबे सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत. म्हणजे विंडोज ११ ने नाकारलेले. दुकानात नवा आला की जुना माळ्यावर जातो, आणि मग एक दिवस किलोच्या भावाने. आमचे म्हणणे इतकेच की वजनावर देण्याआधी तो डबा घरच्या टीव्हीला जोडण्याच्या लायकीचा आहे का, हे तपासून पाहावे. नवा घेणाऱ्यांनीही पुढची माहिती वाचावी, कारण तपासायच्या गोष्टी त्याच आहेत.

टीव्हीला जोडलेला, रिमोटने चालणारा, आपल्याजवळचे सिनेमे, कॅसेटी, गाणी आणि फोटो दाखवणारा संगणक, याला होम थिएटर संगणक म्हणतात. पण आधी स्पष्ट सांगतो की हा सर्वांना लागत नाही. घरात चांगले फायबर इंटरनेट आहे, पाहायचे ते सगळे नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूबवरच आहे, तर संगणकाच्या नादी लागू नये. नावाजलेल्या कंपनीची टीव्हीमागे लावायची स्टिक घ्यावी. काम होते, वीज कमी लागते आणि घरातल्या बुजुर्गांना चालवता येते. फुकटच्या दूरदर्शन वाहिन्या पाहायच्या असतील तर २००४ साली सुरू झालेल्या आणि आता डीडी फ्री डिश म्हणून चालणाऱ्या सेवेचा साधा सेट टॉप बॉक्सच बरा. संगणकात ट्यूनर कार्ड घालण्याचा घोळ हौशी माणसाने करावा.

मग संगणक कोणाला लागतो? एक, ज्याच्याकडे इंटरनेट तुटपुंजे आहे. नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के चित्राला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलच्या रोज दोन जीबीच्या पॅकवर एक सिनेमा पुरा होत नाही. अशा घरात जे पाहायचे ते घरातल्याच डिस्कवर असलेले बरे. दोन, ज्याच्याकडे स्वतःचा माल आहे. आणि स्वतःचा माल म्हणजे सिनेमे नव्हेत, हे लक्षात घ्यावे. आमच्या पिढीच्या घरांत खरा माल म्हणजे लग्नाच्या कॅसेटी.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. त्यामागोमाग व्हीसीआर आले, आणि लग्नात व्हिडिओवाला दिसू लागला. निकाह, वलीमा, मुलाची बिस्मिल्ला, एखादा मुशायरा, हजला निघालेल्या आजोबांना निरोप, हे सगळे व्हीएचएस कॅसेटीवर आहे. त्यातली कितीतरी माणसे आज हयात नाहीत. ज्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच राहिलेला नाही, त्यांचा आवाज त्या काळ्या फितीवर आहे, आणि ती फीत पेटीत साड्यांच्या थानाखाली पडून आहे. जपानची फुनाई कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी होती. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे कॅसेट शाबूत असली तरी ती चालवणारे यंत्र दरवर्षी कमी होत जाणार. सिनेमा उद्याही मिळेल. या कॅसेटीची दुसरी प्रत कोणत्याही बाजारात मिळत नाही.

म्हणून आमच्या मते या संगणकाचे पहिले काम हेच असावे. चालू स्थितीतला व्हीसीआर कोणाकडून तरी उसना आणावा. यूएसबीला लागणारे व्हिडिओ कॅप्चर यंत्र छोटेसे असते. त्यात व्हीसीआरची पिवळी पिन चित्रासाठी आणि पांढरी-लाल पिन आवाजासाठी जाते. संगणकावर ओबीएस नावाची मोफत प्रणाली घालून नोंद करावी. ती विंडोजवरही चालते आणि लिनक्सवरही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटही बिघडते. तसली कॅसेट जाणकाराकडून साफ करून घ्यावी. सेकंदाला ५ मेगाबिट या हिशेबाने नोंद केली तर तासाला सव्वादोन जीबी होतात. जुन्या कॅसेटीच्या चित्राला इतके भरपूर झाले. एक टीबीच्या डिस्कवर अशा तीन तासांच्या शंभराहून जास्त कॅसेटी मावतात.

आता यंत्राकडे वळू. बाजारात गेलात की विक्रेता प्रोसेसरचा वेग सांगतो, रॅम सांगतो. टीव्हीच्या कामाला यातले काहीच पहिल्या नंबरचे नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसरमधल्या चित्राच्या भागाला कोणत्या प्रकारची फाइल स्वतःहून उघडता येते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे समजावणे सोपे आहे. कापूस सैल ठेवला तर गोदाम पुरत नाही, म्हणून जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून त्याची गाठ बांधतात. चित्राचेही तसेच. कॅमेऱ्याने घेतलेले चित्र सैल ठेवले तर डिस्क पुरणार नाही, म्हणून ते दाबून बांधतात. पाहताना ती गाठ सेकंदाला पंचवीस-तीस वेळा सोडावी लागते. गाठ बांधण्याच्या पद्धती निरनिराळ्या. २००३ ची एच.२६४, २०१३ ची एचईव्हीसी, त्याच वर्षीची गुगलची व्हीपी९, आणि २०१८ ची एव्ही१. जितकी पद्धत नवी तितकी गाठ लहान, आणि सोडायला तितकी मेहनत जास्त. प्रोसेसरमध्ये त्या पद्धतीची गाठ सोडणारे खास यंत्र असेल तर काम गुपचूप होते, पंखासुद्धा वाढत नाही. नसेल तर प्रोसेसर हाताने गाठ सोडत बसतो, डबा तापतो, पंखा घोंगावतो आणि चित्र अडखळते.

ज्यांनी १९९० च्या दशकात संगणकावर व्हीसीडी पाहिली त्यांना हे आठवेल. त्या वेळच्या पहिल्या पेंटियमवर व्हीसीडी धड चालत नसे, म्हणून एमपेग नावाचे वेगळे कार्ड बसवून घ्यावे लागे. चित्र केवळ ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे! आज ४के चित्र ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे आहे, पण अडचणीची जात तीच आहे. फरक इतकाच की ते कार्ड आता प्रोसेसरच्या पोटात गेले.

इंटेलच्या प्रोसेसरची पिढी ओळखणे सोपे आहे. आय-५ नंतरचा आकडा ७५०० असेल तर सातवी पिढी, १२४०० असेल तर बारावी. पेंटियम आणि सेलेरॉनच्या नावावरून मात्र पिढी कळत नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक इंटेलच्या यादीत पाहावा. चौथी पिढी एच.२६४ ची गाठ उत्तम सोडते. फुल एचडी टीव्ही, लग्नाच्या कॅसेटी, जुने सिनेमे, इतके असेल तर चौथ्या पिढीचा आय-३ सुद्धा पुरे. सहाव्या पिढीपासून एचईव्हीसी आली, पण साधी, ८ बिटांची. सातवीत १० बिटांची एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही आल्या, म्हणजे ४के सिनेमाच्या बहुतेक फाइली त्यात बसल्या. अकराव्या पिढीपासून एव्ही१ आली. आता गंमत पाहा. विंडोज ११ ची हद्द आठव्या पिढीवर आहे आणि चित्राची हद्द सातवीवर. सातव्या पिढीचा डबा विंडोजच्या हिशेबात बाद, पण टीव्हीच्या हिशेबात पक्का माल. त्याला भंगारात घालणे म्हणजे चांगल्या पन्ह्याचे थान केवळ लेबल जुने म्हणून रद्दीत देणे.

त्या डब्याच्या मागच्या बाजूला मात्र नीट बघावे. सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवरचा एचडीएमआय सॉकेट बहुधा जुन्या १.४ मापाचा असतो. तो ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच देतो. सिनेमा २४ चौकटींचा असल्याने सिनेमाला ते चालते, पण मेनू सरकवताना जड वाटतो. बड्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या छोट्या संगणकांवर बहुधा डिस्प्लेपोर्ट नावाचा दुसरा सॉकेट असतो; त्याला ४के ६० च्या मापाचा अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर लावून टीव्हीच्या एचडीएमआयला जोडले की ही अडचण मिटते. दुकानदाराकडून अडॅप्टर घेताना अ‍ॅक्टिव्ह हा शब्द बिलावर लिहून घ्यावा. एचडीआर म्हणजे जास्त झळाळीच्या चित्राचा मोह असेल तर जुना डबा सोडून नवा घ्यावा.

नवा घ्यायचा तर आमची पसंती इंटेलच्या एन१०० या प्रोसेसरवरच्या छोट्या डब्यांना आहे. हा प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये आला, त्याला ठरवून दिलेली वीज केवळ ६ वॅट, आणि चारही पद्धतींच्या गाठी तो सोडतो. हातात मावेल एवढा डबा टीव्हीच्या मागे चिकटतो. याहून महागाचा प्रोसेसर टीव्हीसाठी घेणे म्हणजे लंगोटाला जरीकाठ. रास्पबेरी पाय नावाचा उघडा बोर्डही लोक वापरतात. जून २०१९ चा चौथा नमुना आणि ऑक्टोबर २०२३ चा पाचवा, दोन्ही एचईव्हीसी उत्तम चालवतात, पण एव्ही१ चे यंत्र दोन्हींत नाही. पाचव्यात तर एच.२६४ चे वेगळे यंत्रही काढून टाकले आहे. प्रोसेसरच्या बळावर तो ते निभावतो. ज्यांना सोल्डर-स्क्रूची हौस आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. इतरांना डबाच बरा.

एक तिसरी वाट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. पडदा फुटलेला लॅपटॉप. पडदा बदलण्याचा खर्च पाहून लोक तो टाकून देतात. टीव्ही हाच पडदा असेल तर फुटक्या पडद्याने काय बिघडते? उलट लॅपटॉपला बॅटरी असते. आमच्याकडे वीज कधी जाते, कधी झुळकते, आणि नोंद चालू असताना वीज गेली की फाइल खराब होते, कधी डिस्कच. लॅपटॉप त्या वेळी आपोआप बॅटरीवर जातो. फक्त बॅटरी फुगलेली नसावी. फुगली असेल तर ती काढूनच टाकावी. साध्या डब्याला छोटा यूपीएस लावणे हा फाजील खर्च समजू नये.

विजेचाही हिशेब करून ठेवावा. जुना मोठा डबा ५० वॅट खात असेल आणि रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट होतात. १० वॅटचा छोटा डबा दीड युनिट. दर आपापल्या बिलावर पाहावा. या फरकापायी नवा घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही, पण चोवीस तास चालू ठेवायचा असेल तर हिशेब बदलतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. लाकडी शोकेसच्या बंद कप्प्यात डबा कोंबू नये, आणि जुना असेल तर आतली धूळ झाडून प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट नवा लावून घ्यावा. पंखा शांत होतो, आणि शांत पंखा ही दिवाणखान्यात फार मोठी चीज आहे. रॅम टीव्हीपुरत्या प्रणालीला ४ जीबी पुरते, विंडोज ११ ला ८ हवी. जुनी फिरती डिस्क काढून छोटी एसएसडी घातली की तोच डबा दोन वर्षांनी तरुण होतो.

ती जुनी डिस्क मात्र फेकू नये, आणि कोणाला देऊही नये. त्यात टॅलीचा हिशेब आहे, जीएसटीच्या पोर्टलचे पासवर्ड आहेत, गिऱ्हाइकांची उधारी आहे. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क पाकिटात घालून, वर सालाची चिठ्ठी लावून तिजोरीत ठेवावी. आणखी एक व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. संगणक दुकानाच्या नावाने घेताना इनपुट क्रेडिट घेतले असेल तर तो कायमचा घरी नेणे हा कायद्याच्या नजरेत मोबदल्याविना केलेला पुरवठा ठरतो. आपल्या कर सल्लागाराला विचारून वहीत नोंद करावी. घरासाठी नवा घेतला आणि बिल दुकानाच्या नावाने फाडले तर त्यावर क्रेडिट घेता येत नाही. घरच्या चैनीला ती सोय नाही. आणि ज्या संगणकावर बिले निघतात त्याच संगणकावर सिनेमे उतरवण्याचा उद्योग मुलांना करू देऊ नये.

ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. आमच्या मते तो सगळ्यात शेवटी यायला हवा, कारण आपण काय पाहणार यावरून तो आपोआप सुटतो.

स्वतःच्या फाइली आणि कॅसेटी पाहायच्या असतील तर लिब्रेइलेक. ही २०१६ साली सुरू झालेली मोफत लिनक्स प्रणाली संगणकाला फक्त टीव्हीचा डबा बनवते. चालू केला की थेट कोडी नावाचा कार्यक्रम उघडतो, ज्याला २०१४ पर्यंत एक्सबीएमसी म्हणत. मोठी अक्षरे, बाणाच्या चार कळा, बस. पेनड्राइव्हवर घालून आधी चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. ना अँटिव्हायरस, ना रोजची अपडेटची कटकट. मात्र ब्राउझरची कामे यावर करायची नाहीत, आणि विकतच्या सिनेमा सेवांसाठी ती नाही. कोडी स्वतः एकही सिनेमा देत नाही. त्यात चोरीचे सिनेमे दाखवणारे जोड भरून देणारे लोक बाजारात आहेत. त्यांना दुरूनच सलाम करावा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली असून सिनेमाची चोरून नक्कल करणे आणि ती पसरवणे याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे.

स्वतःच्या फाइलीही पाहायच्या आणि ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यासही करायचा, तर लिनक्स मिंट. तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत देखभाल आहे. विंडोज वापरलेल्या माणसाला ती अर्ध्या तासात सवयीची होते, आणि तिच्यातही कोडी घालता येते. आपल्या सीडॅक संस्थेची बॉस लिनक्स २००७ पासून आहे. मराठी-उर्दूसकट भारतीय भाषांची तिची सोय चांगली, पण ती कार्यालये आणि शाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेली. टीव्हीसाठी ती मुद्दाम निवडावी असे कारण आम्हाला दिसत नाही.

विंडोज ११ कोणी घ्यावी? ज्याला विकतच्या सेवांचे उत्तम चित्र संगणकावरच हवे आहे त्याने. या सेवा आपले चित्र कुलूप लावून पाठवतात, आणि लिनक्सला त्या वरच्या दर्जाची किल्ली देत नाहीत. नेटफ्लिक्सचे ४के चित्र लिनक्सच्या ब्राउझरमध्ये मिळत नाही. काही सेवा तर तिथे डीव्हीडीच्या दर्जावर येऊन थांबतात. विंडोजवरही ते हवे तर एज ब्राउझर, एचडीसीपी २.२ मानणारा टीव्ही आणि सर्वांत वरचा मासिक प्लॅन लागतो. म्हणजे महिन्याला पैसे भरून वर एवढ्या अटी! या कामाला सुरुवातीला सांगितलेली स्टिकच स्वस्त आणि मस्त. अनेक घरांत टीव्हीच्या एका सॉकेटला स्टिक आणि दुसऱ्याला लिब्रेइलेकचा डबा असतो, आणि आमच्या मते हीच जोडी सगळ्यात शहाणपणाची. मायक्रोसॉफ्टने स्वतः २००२ साली टीव्हीसाठी विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली होती. लोकांनी तिच्यावर घर सजवले, आणि २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा कंपनीने मीडिया सेंटर काढून टाकले. बाजारात अगदी स्वस्तात विंडोजची किल्ली किंवा ती फुकट चालू करून देणारी फाइल मिळते. त्या फाइलीबरोबर काय काय घरात येते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अँड्रॉइडचे बिननावाचे स्वस्त डबेही असेच. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या टोळीजालाबद्दल जाहीर इशारा दिला होता. कारखान्यातून निघतानाच किंवा पहिल्यांदा चालू करताना या डब्यांत चोरटी प्रणाली बसते आणि घरच्या इंटरनेटवरून परक्यांचे गुन्हे चालतात. ज्या घरच्या वायफायवर आपण बँकेचे व्यवहार करतो तिथे हा पाहुणा नको.

सगळे जोडून झाल्यावर दोन खुणा कोडीच्या सेटिंगमध्ये करायच्या असतात, त्या बहुतेक लोक करत नाहीत आणि मग चित्राला नावे ठेवतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आपल्याकडचा जुना टीव्ही आणि कॅसेट २५ चौकटींची, आणि संगणक टीव्हीला चित्र पाठवतो ६० वेळा. २५ चा ६० ला भाग जात नाही, म्हणून कॅमेरा मंडपात फिरू लागला की चित्र बारीक झटके खाते. कोडीमध्ये चित्राप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश दर बदलण्याची सोय आहे, ती चालू करावी. मग कॅसेट ५० वर आणि सिनेमा २४ वर जातो. दुसरी खूण डीइंटरलेसची. कॅसेटवर प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत असते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. संगणकाने त्या एकदम दाखवल्या की हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. डीइंटरलेस चालू केले की दात जातात. नोंद करताना ओळी जशा आहेत तशाच ठेवल्या आणि पाहताना जुळवल्या तर उत्तम.

आवाज टीव्हीतून साउंडबारला न्यायचा तर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटमधून न्यावा. घरात जुना चांगला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर संगणकाच्या हिरव्या सॉकेटमधून साधी वायर टाकली तरी कव्वाली ऐकायला भरपूर. टीव्हीच्याच रिमोटने डबा चालवण्याची सोय रास्पबेरी पायला आहे, बहुतेक संगणकांना नाही. त्यांना यूएसबीचा छोटा रिमोट घ्यावा, किंवा मोबाइलवर कोडीचेच कोरे नावाचे मोफत अ‍ॅप.

राहता राहिली नावे. आमच्यासारखी उर्दू शाळेत शिकलेली माणसे कॅसेटवर नाव उर्दूत लिहितात, सुनेने मराठीत लिहिलेले असते, आणि व्हिडिओवाल्याने इंग्रजीत. संगणकाला तिन्ही लिप्या चालतात. विंडोजमध्ये उर्दू टाइपसेटिंग आणि लिनक्सवर नोटो नस्तालीक हे फाँट नस्तालीक वळणाची अक्षरे दाखवतात. पण उर्दू उजवीकडून आणि आकडे डावीकडून चालत असल्याने नावाच्या मधोमध साल लिहिले की यादीत घोटाळा दिसतो. म्हणून फाइलीच्या नावात आधी साल, मग गाव, मग प्रसंग असे लिहावे. मग नाव कोणत्याही लिपीत असो, १९८७ चे लग्न १९९१ च्या आधीच येते. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती कराव्यात. एक या डब्यात, आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर घालून दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीच्या किंवा मुलाच्या कपाटात. ती डिस्क वर्षातून एकदा ईदला सगळे जमतात तेव्हा जोडून चालते का पाहावी, आणि त्या वर्षात नव्याने उतरवलेल्या कॅसेटी तिच्यावर टाकाव्यात.